खाडीच्या तोंडावरचं लेकरू

पुसदपासून पुढं डोंगराच्या अंगाला जो तांडा आहे, तिथं नंदाबाईला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. तिचा नवरा हिरासिंग लग्नानंतर वर्षभरातच हरला आणि त्यानं तो नाद सोडून दिला. ही बाई कपाशीच्या एका धुऱ्यावरून बोलते आणि पलीकडच्या धुऱ्यावरचा माणूस तिथूनच उत्तर देतो, असा तिचा आवाज. अशा बाईला एक अख्खी सकाळ तोंड मिटून बसावं लागलं, आणि तेही समुद्रात, होडीवर. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी तिच्या पोरीचं सांगायला पाहिजे.

पोरगी म्हणजे वर्षा. पुसदला कॉलेज केलं, पुढं अमरावतीला शिकली, आणि तिथून जी गेली ती थेट कोकणात. काम काय, तर डॉल्फिन मोजायचे. किती आहेत, कुठं राहतात, कोणतं पाणी त्यांना मानवतं, हे पाहायचं. एका संस्थेचं काम, तेही वर्षावर्षाच्या करारावर. तांड्यात हे कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. "मासे मोजते? मोजून करते काय त्याईचं?" असं लोक विचारत, आणि हिरासिंग आपला मिशीवर हात फिरवत म्हणे, "सरकारीसारखंच हाय ते."

मग खरंच सरकारी आलं. घरच्यांच्या समाधानासाठी वर्षानं कधीतरी वनरक्षकाची परीक्षा दिली होती, त्याची नेमणूक आली. जागा झरी जामणीच्या जंगलात. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. हिरासिंगनं तांडाभर पेढे वाटले. आणि फोनवर पोरगी काय म्हणते, तर "बा, मले नाही जमत." हिरासिंगनं फोन बाजेवर टाकला. मग बायकोला म्हणाला, "तू जाय अन तिले घेऊन ये. तुह्या तोंडापुढं ती टिकणार नाही."

नंदाबाईला प्रवासाचं भ्यायचं कारण नव्हतं. ऊसतोडीला ती कोल्हापूरपर्यंत कितीदा जाऊन आलेली. निघण्याआधी ती शेजारच्या पूनमसिंगच्या घरी तेवढी डोकावली, कारण त्याची सून गंगी बाळंत झाली होती. आता, नवं लेकरू पाहिलं की रिकाम्या हातानं उठायचं नाही, ही रीत. नाणं असो, आंगडं असो, काहीच नसलं तर गुळाचा खडा, पण त्या मुठीवर काहीतरी टेकवायचं. मुठीत ते राहत नाही, गोधडीवर घरंगळतं, ते वेगळं. नंदाबाईनं कमरेच्या बटव्यातून नाणं काढून लेकराच्या हातावर ठेवलं आणि गंगीला म्हणाली, "सोमवारच्या आत माही पोट्टी घेऊन येतोच पाय."

शुक्रवारी दुपारी ती कोकणात उतरली आणि संध्याकाळी वर्षानं तिला किनाऱ्यावर नेलं. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून वर आणत, हे नंदाबाईनं सासऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. पण मीठ ज्यातून निघतं ते पाणी घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. ती वाळूत उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा काही बोलायला सुचेना. इकडून तिकडं नुसतं पाणी. त्याला धुरा नाही, बांध नाही, मधे एक झाड नाही. इसापूरचं धरण भरलेलं पाहून एवढं पाणी कुठून आलं असं म्हणणारी ती, तिला आपलीच लाज वाटली.

"तिकडे पाय, याडी," वर्षा आईला म्हणाली. खाडीचं तोंड जिथं समुद्राला मिळत होतं, तिथं पाण्यातून एक काळसर पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी. मग पलीकडं तिसरी.

नंदाबाई लहानपणी गुरं राखत होती. संध्याकाळी गुरं वाड्यात शिरताना दाराशी उभं राहून मोजायची, हे तिच्या हाडात होतं. तिनं लगेच पदर खोचून मोजायला घेतलं. पाठ वर आली की एक. विसाची एक ईस, अशी एक ईस झाली, दोन इसा झाल्या. अंधारून यायच्या बेताला ती मोठ्या रुबाबात म्हणाली, "तीन इसा अन वर चार. घे, झालं तुहं काम. आता घरी चाल."

वर्षा हसता हसता वाळूत बसली. "नऊ हायेत याडी. फार तर दहा."

"मी काय आंधळी हाओ?"

"गाय दारातून एकदा आत गेली की गेली. हे तसे नाहीत. श्वास घ्यायले वर येतात, खाली जातात, पुन्हा तेच वर येतात. तू एकेकाले सहा-सहा वेळा मोजलं."

नंदाबाईला हे पटायला वेळ लागला, पण पटल्यावर मात्र ती हबकली. म्हणजे जे जनावर एका श्वासापुरतं दिसतं आणि पुन्हा पाण्यात जातं, ते आधीचंच का दुसरं, हे ओळखायचं. वर्षा ते पाठीवरच्या पात्यावरून ओळखत होती. कुणाच्या पात्याला खाच, कुणाचं टोक तुटलेलं, कुणाला जाळ्याचा वळ. त्यांतल्या एका मादीला तिनं तीन वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ती सगळी दर्शनं जोडली तरी वेळ एवढाच, की तेवढ्यात जेवायला बसलेलं माणूस ताटावरून उठायचंही नाही. पोरीनं आपली तीन वर्षं या कामाला दिली होती, आणि नंदाबाई तांड्यात लोकांना मासे मोजते म्हणून सांगत होती.

"एवढा मोठा समुद्र पडला हाय," नंदाबाई म्हणाली, "मंग हे अथी काठाले काहून चिकटले?"

"तेच तर आम्ही पाहतो. आत खोल पाण्यात हे जातच नाहीत. चार-पाच बांबू बुडतीन एवढंच पाणी पाहिजे, तेही गढूळ, नदी येऊन मिळते तसं. मासळी तिथंच असते. सगळा समुद्र मोकळा हाय, पण याईचं घर म्हणजे ही काठाची चिंचोळी पट्टी."

"म्हणजे माणसाच्या दाराशीच राह्यतात म्हण."

"हो न. अन माणसाचं सगळं तिथंच. जाळी, इंजिनं, आता या तोंडावर धक्का बांधायचं चाललंय. ते बांधणारे म्हणतात, डॉल्फिन अथून नुसते ये-जा करतात, राहत नाहीत. मी म्हणतो राहतात. पण मले दाखवाव लागन. एखादं नवं जन्मलेलं पिल्लू अथी दिसलं, तर हे याईचं घर हाय असं म्हणता येईन. दोन हंगाम झाले, पिल्लू दिसलं नाही."

मग नंदाबाईनं ज्यासाठी आली होती ते काढलं. नोकरी काढली, बाप काढला, पेढे काढले, आपलं वय काढलं. खोलीवर जाऊन जेवणं होईपर्यंत ती बोलत होती. वर्षानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी थकल्या आवाजात म्हणाली, "उद्या आमची या खाडीतली शेवटची फेरी हाय. उद्याही पिल्लू नाही दिसलं, तर इथलं काम बंद होते. मंग मी तुह्यासंगं येतो. परवाच्या गाडीनं."

नंदाबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मनातल्या मनात तांड्याच्या देवाला, सेवाभायाला, हात जोडले. बाबा, उद्याचा एक दिवस पिल्लू दिसू देऊ नको. तुला तुपातली लापशी करीन.

सकाळी वर्षानं तिला होडीत बसवलं ते अटीवर. होडीवाला संजय, वर्षा आणि तिच्या जोडीची अर्पिता, एवढेच. दोघी पोरी पुढं उभ्या, दुर्बिणी घेऊन, एकीनं डावीकडचं पाणी पाहायचं, एकीनं उजवीकडचं. "याडी, तुले काहीही दिसलं तरी बोलायचं नाही. बोटही दाखवायचं नाही. आमच्या डोळ्यांना दिसन तेच मोजायचं. तू रोज नसतेस होडीत. आज तुह्या डोळ्यांची भर पडली तर आजचा दिवस बाकीच्या दिवसांशी जुळणार नाही, अन सगळीच मोजणी खोटी पडन."

"एवढंच न? नाही बोलत."

"काकी, जमात मां?" जमेल ना, असं संजयनं गालात हसत विचारलं. होडी सुटायच्या आतच त्यालाही अंदाज आला होता.

नंदाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. मागं, होडीच्या शेपटाकडं तोंड करून ती बसली, आणि हातातली कांकणं वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं दाबून ठेवली. होडी एका सरळ रेषेत जायची, मग वळायची, पुन्हा दुसऱ्या रेषेत यायची, वखर चालवल्यासारखी. एकदा पुढं पाठी दिसल्या, अर्पिता काहीतरी बोलली, वर्षानं फोटो काढले. मोठेच होते सगळे. पिल्लू नाही. नंदाबाईच्या मनात लापशी शिजत होती.

खाडीच्या तोंडावर होडी थांबली. संजयनं इंजिन बंद केलं. इथं नदीचं मातकट पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी एकमेकांना लागत होतं, आणि मधली रेघ स्पष्ट दिसत होती. पाणी किती गढूळ आहे ते पाहायला पोरी दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी खाली सोडत होत्या. दोघी उजव्या बाजूला वाकलेल्या, संजयनं दोरी धरलेली. तिघांचीही पाठ नंदाबाईकडं.

आणि तिच्या कोपराजवळ कुणीतरी श्वास सोडला.

म्हैस पाण्यातून बाहेर येताना सोडते, तसा. उष्ण, ओला, मासळीचा वास असलेला. नंदाबाईनं मान वळवली. हात लांबवला असता तर लागली असती एवढ्या अंतरावर एक पाठ वर आली होती. राखाडी, गुळगुळीत, मधे वशिंडासारखा उंचवटा आणि त्यावर पातं. ती पाठ संपेचना. पाणी तिच्यावरून गळत होतं, आणि एवढं मोठं धूड, पण लाटसुद्धा उठली नाही. नंदाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली म्हणावं तर तसं नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक एकटंच सापडावं, तसं काहीतरी.

मग त्या पाठीच्या पलीकडून एक डोकं वर आलं. शेळीएवढं असेल. मोठे कसे सहज वर येतात नि जातात, ह्याला ते साधत नव्हतं. त्यानं सगळं तोंडच पाण्याबाहेर काढलं, फुसकन श्वास घेतला आणि धप्पकन खाली पडलं. पुन्हा वर. पुन्हा धप्पकन. श्वास घ्यायलाच शिकत होतं ते. त्याच्या अंगावर उभ्या फिकट रेघा होत्या, आणि ते मायच्या कुशीला असं चिकटलं होतं की दोघांच्या मधून पाणीही जाऊ नये.

मोठी जरा कुशीवर कलली. तिचा डोळा पाण्याबाहेर आला. बारीक, काळा, शांत डोळा. तो नंदाबाईकडं पाहत होता. पोरींकडं नाही, संजयकडं नाही, तिच्याकडं. ओसरीवर बसलेल्या बाळंतिणीनं मांडीवरचं लेकरू जरा वर करून आल्यागेल्याला दाखवावं, तशी ती तिथं थांबली. नंदाबाईचा हात आपोआप कमरेच्या बटव्याकडं गेला. बटव्याशी जाऊन तो थांबला. ह्या लेकराच्या हातावर काय ठेवायचं, आणि हात तरी कुठं आहे.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पदर दातात होता. ती बोलली नाही. श्वास सोडल्याचा आवाज पुन्हा एकदा आला, जरा लांबून, आणि मातकट पाणी जसं होतं तसं झालं. तिकडं वर्षानं थाळी वर ओढून घेतली होती.

"काय झालं याडी? रडून राह्यली?"

नंदाबाईनं मान हलवली आणि वारा डोळ्यांत गेल्याची खूण केली.

होडीतलं गप्प बसणं नियमाचं होतं. किनाऱ्याला लागल्यावर नियम संपला, आणि नंदाबाई तरीही गप्प राहिली. ते तिचं स्वतःचं होतं. सेवाभायानं ऐकलं होतं. पोरीला पिल्लू दिसलं नव्हतं. आता काहीच करायचं नव्हतं, फक्त बोलायचं नव्हतं. घरी हिरासिंग वाट पाहत होता, झरी जामणीत जागा वाट पाहत होती. उभ्या जन्मात पहिल्यांदाच गप्प राहून बाईचं काम होणार होतं. पण तिला चहा जाईना. संजयच्या घरून आलेलं माशाचं कालवण तिनं तसंच बाजूला सारलं.

वर्षा बॅग भरायला लागली. तोंडावर काही दिसू देत नव्हती, पण आईला ते कळतंच. तिनं तळाशी दडलेला, आईनंच पाठवलेला, आरसे लावलेला एक झगा बाहेर काढला, झटकला आणि पुन्हा घडी घालायला म्हणून पसरला. कितीतरी दिवस दुमडून ठेवलेला. त्याच्या अंगावर घडीच्या फिकट रेघा उमटल्या होत्या.

नंदाबाईनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. आणि तिला राहवलं नाही.

"त्याच्या अंगावर अशाच होत्या वं," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"लेकराच्या."

वर्षाच्या हातातली बॅग खाली आली. नंदाबाई बोलत सुटली. थाळी सोडत होत्या तेव्हा, मातकट नि हिरव्या पाण्याच्या रेघेवर, मायच्या कुशीला, डोकं असं पुरं बाहेर काढत होतं. वर्षानं दहा प्रश्न विचारले. शेवटचा विचारताना तिनं आईचं मनगट धरलं. "रेघा उभ्या होत्या? नक्की?"

"उभ्या. या झग्यावरच्यासारख्या."

"पोटात दुमडून असते न ते, याडी. त्याच्या घड्या हायेत त्या. जन्मल्यावर थोडेच दिवस राहतात, मंग जातात." वर्षा खाली बसली. "एवढं नवं पिल्लू लांबून पोहत येत नाही. अथीच झालं असन ते. या खाडीच्या तोंडावर."

नंदाबाईनं झगा आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"पण हे मले मोजता नाही येणार," वर्षा म्हणाली. "तू मोजणारी नाहीस."

"मंग तू मोज."

"त्यासाठी राहाव लागन. फेऱ्या वाढवून मागाव्या लागतीन. सोमवार निघून जाईन याडी."

"मले सोमवार समजते," नंदाबाई म्हणाली. तिनं भरलेल्या बॅगेतून पोरीचे कपडे काढून एकेक करून पुन्हा दोरीवर टाकले. पोरगी तिच्या गळ्यात पडली तेव्हा मात्र ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, कारण गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी जाणार होती आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं रिकामी केली होती.

पुसदच्या स्टँडवर हिरासिंग मोटारसायकल घेऊन उभा होता. त्यानं बायकोच्या मागं पाहिलं, बसच्या दाराकडं पाहिलं, मग बस निघून गेली. त्यानं काही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. नंदाबाई गप्प आहे हे पाहूनच तांड्याला कळलं की काहीतरी बिनसलंय. सोमवार आला नि गेला. हिरासिंग शेतात जायचा, यायचा, जेवायचा, पाठ करून झोपायचा. पेढे खाल्लेली माणसं वाटेत भेटत, ते त्याला सहन होत नव्हतं.

होळीला थोडे दिवस राहिले असताना, दुपारी, नंदाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती तेव्हा फोन वाजला. वर्षा होती. "दिसलं याडी. मले अन अर्पिताले, दोघींले दिसलं. मोजलं." मग फोटो आला. मातकट पाणी, मोठी पाठ, आणि तिच्या कुशीला ते, डोकं पुरं बाहेर काढून. अंगावरच्या रेघा आता पुसट झाल्या होत्या, पण होत्या.

हिरासिंग बाजेवर बसला होता. नंदाबाईनं फोन त्याच्यापुढं धरला आणि मग तिचं तोंड सुटलं. वाळूपासून सुरू केलं, तीन इसांची फजिती सांगितली, पदर दातात धरलेला सांगितला, डोळा सांगितला. लापशीचा नवसही सांगितला. हिरासिंग फोटो पाहत ऐकत राहिला.

"म्हणजे तू बोलली नसती," तो शेवटी म्हणाला, "तर पोट्टी आज झरी जामणीले असती."

"असती."

"मंग बोलली कायले?"

नंदाबाईनं सूप खाली ठेवलं.

"त्याच्या मायनं मले आपलं लेकरू दाखवलं. सगळे सोडून मले. लेकरू पाह्यल्यावर हातावर काही ठेवल्याबिगर उठता येते काय? माह्यापाशी दुसरं काही नव्हतं. मी आपली पोट्टी ठेवून आली."

हिरासिंगनं फोन पुन्हा जवळ धरला आणि ते पिल्लू बोटांनी मोठं करून पाहिलं.